म्हातारचळ नव्हे, मेंदूचा आजार

चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, इथपर्यंत ठीक. पण रोजच्या शेताच्या वाटेवर माणूस चुकू लागला, थोरल्या लेकाला ‘तुम्ही कोण?’ विचारू लागला, तर त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नये. आपल्या जिल्ह्यातले असे रुग्ण माझ्याकडे फार उशिरा येतात. तोवर देवऋषी करून झालेला असतो. परवा भूमकडच्या एका मुलाने विचारले, “डॉक्टरसाहेब, शुगर रक्तात कळते, तसा हा आजार आधी कळत नाही का?”

प्रश्न रास्त आहे. जर्मन डॉक्टर अल्झायमर यांनी १९०६ साली हा आजार जगापुढे मांडला, तो रुग्ण दगावल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. खरे तर मेंदूतली बिघाडाची सुरुवात विसरभोळेपणाच्या कितीतरी वर्षे आधी होते. अमायलॉईड नावाच्या प्रथिनाचे बारीक पुंजके पेशींच्या सांध्यांना चिकटतात आणि निरोप पोहोचणे बंद पडते. हे पुंजके साध्या एमआरआयमध्ये दिसत नाहीत.

ते दिसावेत म्हणून अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विनायक द्रविड आणि विल्यम क्लाईन यांनी खटपट केली. द्रविड मुंबईच्या आयआयटीत शिकलेले, आणि डॉक्टर नव्हेत, पदार्थशास्त्राचे माणूस! त्यांनी लोहाच्या ऑक्साईडचे चुंबकीय नॅनोकण घेतले. नॅनो म्हणजे किती लहान? ज्वारीचा दाणा चार मिलिमीटरचा धरला, तर त्याचे चाळीस लाख भाग केल्यावर एक नॅनोमीटर. या कणांना नेमक्या त्या पुंजक्यांनाच चिकटणारी प्रतिपिंडे जोडली. रक्तातून मेंदूत शिरणे अवघड, म्हणून औषध उंदरांना नाकावाटे दिले. आजारी उंदरांच्या एमआरआयमध्ये पुंजक्यांच्या जागी काळे डाग उमटले. हे संशोधन डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मृत रुग्णांच्या मेंदूच्या तुकड्यांवरही कण बरोबर चिकटले. मात्र ही तपासणी अजून दवाखान्यात आलेली नाही, कोणी करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

मे २०२५ मध्ये अमेरिकेत अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या रक्ततपासणीला मान्यता मिळाली. तीही लक्षणे असलेल्या, ५५ वर्षे किंवा त्यावरील माणसांसाठीच.

आपल्याकडे आज काय करावे? बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, उदासीनता, डोक्याला मार लागून साकळलेले रक्त यांनीही विसर पडतो, आणि यावर उपचार आहेत. आधी हे तपासावे. येताना रुग्ण घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर आणा. झोपेच्या काही गोळ्याही स्मरण बिघडवतात.