दुबळ्या तंतूचे गणित

ज्या जालना जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो आणि ज्याच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांतून पोलादी सळया बाहेर पडतात, त्या जिल्ह्यातील वाचकांस हे ऐकून कौतुक वाटेल, की पदार्थांच्या आयुष्याचा अदमास बांधणाऱ्या संख्याशास्त्रातील एका सुप्रसिद्ध निबंधात कापूस आणि पोलाद शेजारी शेजारी आले आहेत. स्वीडिश अभियंता वालोडी वायबुल याने १९५१ साली आपले संभाव्यतेचे सूत्र मांडताना जे दाखले दिले, त्यांत पोलादाच्या श्रांतीबरोबर (वारंवार येणाऱ्या भाराने होणाऱ्या झिजेबरोबर) भारतीय कापसाच्या तंतूचे बलही होते.

कापसाच्या बळाची केवळ सरासरी काढून भागत नाही, कारण ओढ बसताच तंतू जेथे सर्वांत दुबळा तेथेच तुटतो. आणि लांबी जितकी अधिक, तितका असा दुबळा ठाव सापडण्याचा संभवही अधिक. सर्वांत कच्च्या कडीवरच साखळीचे बळ ठरते, हा विचार पीअर्स या संशोधकाने १९२६ मध्ये सुती धाग्याविषयी गणितात बसवला. आणि काचेचे वा कार्बनचे तंतू राळेत बसवून घडवलेल्या संमिश्र पदार्थांच्या शास्त्राने तोच विचार पुढे नेला.

मात्र वारंवार येणाऱ्या भाराखाली पोलादात बहुधा एखादी चीर वाढत जाऊन घात करते, तर संमिश्रात राळेस सूक्ष्म तडे जातात, तंतू राळेपासून सुटतात, थर विलग होतात. तुटलेल्या तंतूचा भार राळ शेजारच्या तंतूंवर सोपवते म्हणून पदार्थ दीर्घकाळ तग धरतो, आणि अशा तुटी एके ठिकाणी जमल्या म्हणजे अवचित मोडतो. परिणामी, एकाच साच्यातून काढून एकाच भाराखाली ठेवलेल्या नमुन्यांच्या आयुष्यांतही दसपट अंतर पडू शकते.

म्हणूनच सुमारे २० वर्षांच्या मुदतीत १० कोटींच्या घरात भाराची आवर्तने सोसणाऱ्या पवनचक्कीच्या संमिश्र पात्यांविषयी, शंभरांपैकी किती टिकतील, असेच विचारावे लागते. जालन्यात बनणाऱ्या बेअरिंगांचे आयुष्यही, शंभरांतील नव्वद नग जितक्या फेऱ्या पार करतील तितके, असे मोजण्याचा प्रघात आहे. वायबुलच्या सूत्रातील एक अंक आयुष्याचे मान सांगतो, दुसरा त्याच्या विखुरण्याचे. आणि सुरक्षिततेची हमी देणाऱ्या अभियंत्यास या दुसऱ्याची चाड अधिक हवी.

ज्या वस्तूच्या भरवशावर माणसे वावरतात, तिच्याविषयीचा विश्वास अनेक नमुने धीराने तोडून, प्रत्येक तुटीची नोंद दप्तरी ठेवून, आणि अकाली मोडलेल्या नगास अपवाद म्हणून वगळण्याचा मोह टाळूनच कमवावा लागतो; कारण पदार्थाविषयीचे सर्वांत उपयोगी ज्ञान पुष्कळदा त्या एका नगापाशीच असते.