मे महिन्यात मरते, डिसेंबरात कळते

२०१० च्या ऑक्टोबर महिन्यात या शहरातल्या मंडळींनी एकाच दिवशी १५० मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांचा हा सौदा देशभर गाजला. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. आज ते छत्रपती संभाजीनगर आहे आणि त्या चकचकीत गाड्या ‘जुनी गाडी’ या सदरात जमा झाल्या आहेत. शेंद्रा येथे स्कोडाचा कारखाना २००१ साली सुरू झाला. त्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या ऑक्टाव्हिया तर त्यांच्याहूनही वडीलधाऱ्या. गल्लीबोळांत अजून निष्ठेने धावणाऱ्या मारुती ८०० चे वय तर विचारूच नये. ‘एमएच २०’ची पाटी मिरवणाऱ्या या साऱ्या गाड्यांची ऐपत वेगवेगळी असली, तरी किल्ली फिरवल्यावर पहिला हुंकार देणारी वस्तू सगळ्यांत एकच असते: शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्लाचे पाणी भरलेली एक जड पेटी.

ही पेटी मोटारीहूनही जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे, मध्ये रबराच्या पट्ट्या ठेवून, सुरळीसारखे गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले. वीज सोडली की ती साठत होती, आणि मागितली की परत मिळत होती. पुन्हा पुन्हा भरता येणारी ही जगातली पहिली बॅटरी. १८८१ मध्ये कामिय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप चढवला आणि तिची क्षमता एकदम वाढली. त्यानंतर मोटारी आल्या. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेवर चालणारा स्टार्टर बसवला, आणि हँडल फिरवून मनगट मोडून घेण्याचे दिवस सरू लागले. आपल्याकडे ते दिवस जरा उशिराच सरले. अँबेसेडरच्या बंपरमधून हँडल घालून गाडी जागी करणारे काका अजून अनेकांच्या आठवणीत असतील.

बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. एका बाजूला स्पंजासारखे सच्छिद्र शिसे, दुसऱ्या बाजूला शिशाचा डायऑक्साइड. वीज बाहेर जाताना दोन्ही बाजूंवर शिशाचे सल्फेट बसते आणि आम्ल पातळ होत जाते. भरताना हेच उलटे घडते. इतपत शाळेत शिकवतात. खरे आश्चर्य पुढे आहे. शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन असतात. त्यांच्या प्रचंड ओढीमुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास ६० टक्के वेगाने फिरतात, आणि इतक्या वेगाला आइनस्टाइनचे सापेक्षतेचे नियम लागू होतात. त्याचा परिणाम पार बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंत पोहोचतो. उप्साला आणि हेलसिंकी येथील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये गणित करून दाखवले, की कप्प्यातल्या २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट केवळ सापेक्षतेमुळे मिळतात. शिशाच्याच कुळातल्या, पण हलक्या अशा कथलाची बॅटरी का होत नाही, याचेही उत्तर यातच आहे. सकाळी जालना रोडवर निघण्यापूर्वी आपण सेल मारतो, तेव्हा बारापैकी दहा व्होल्ट आइनस्टाइनच्या खात्यातले असतात!

आता निवडीकडे वळू. दुकानात गेले की आकडे अंगावर येतात: व्होल्ट, अँपिअर-अवर, सीसीए. ते समजायला आपल्या शहरात एक उत्तम नमुना उभा आहे. पाणचक्कीला डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडलेले आहे. पाणी किती उंचावरून पडते, ते व्होल्ट. हौदात किती साठा आहे, ते अँपिअर-अवर. आणि पाणी सुटते ते तोंड किती रुंद आहे, ती सेल मारण्याची ताकद, म्हणजे सीसीए. लहान पेट्रोल गाडीच्या स्टार्टरला शंभर-दीडशे अँपिअरचा लोंढा लागतो, पण तो एखाद-दोन सेकंदच. हिशेब केला तर एका वेळी ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतला अर्धा टक्का साठाही खर्च होत नाही. म्हणजे गाडीच्या बॅटरीला हौद मोठा लागतो त्यापेक्षा तोंड रुंद लागते. त्यासाठी तिच्या पट्ट्या पातळ आणि संख्येने जास्त असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे नेमके उलट. एक शंकरपटाचा बैल, दुसरा नांगराचा. लोडशेडिंगच्या काळात घरच्या गाडीची बॅटरी काढून इन्व्हर्टरला जोडण्याचे प्रयोग अनेकांनी केले आणि शर्यतीचा बैल नांगराला जुंपून मारला.

सीसीएचा आकडा मोजतात तो उणे १८ अंश सेल्सिअसला. इथल्या माणसाने त्यासाठी जादा पैसे मोजावेत का, हे ज्याने त्याने ठरवावे. माझे मत विचाराल तर नाही. गाडी बनवणाऱ्याने सांगितलेला आकडा गाठला की पुरे. आपला वैरी थंडी नाही, मे महिना आहे. पारा चाळिशी ओलांडतो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक तापते, आणि ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते. पट्ट्यांची जाळी गंजते, पाणी उडते. गंमत अशी की उन्हाळ्यात हे कळत नाही. उष्णतेत रासायनिक क्रिया वेगाने होते, इंजिनचे ऑइलही पातळ असते, त्यामुळे खिळखिळी झालेली बॅटरीसुद्धा गाडी उचलते. डिसेंबरच्या एका गार पहाटे ऑइल घट्ट झालेले असते, बॅटरी मंदावलेली असते, आणि ‘टक्’ एवढाच आवाज येतो. लोक थंडीला दोष देतात.

मात्र नवी बॅटरी घेण्याआधी जुनीच मेली आहे याची खात्री करा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटर लावा: १२.४ व्होल्टच्या आसपास म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश भरलेली, १२ म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू करून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.४ दरम्यान दिसले नाही, तर दोष अल्टरनेटरचा किंवा त्याच्या रेग्युलेटरचा आहे, आणि त्यावर नवी बॅटरी बसवणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुतली तरी पुष्कळ गाड्या शहाण्या होतात.

माप हा सर्वांत फसवा भाग. मारुतीसारख्या जपानी वळणाच्या गाड्यांच्या बॅटरीवर ‘३८बी२०एल’ असे काहीतरी छापलेले असते. त्यातले २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, शेवटचे अक्षर म्हणजे टर्मिनल कोणत्या अंगाला ते. ‘एल’ऐवजी ‘आर’ घरी आणली तर वायर पोचत नाही. ओढूनताणून उलटी जोडली तर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतात. स्कोडा आणि मर्सिडीज या युरोपीय वळणाच्या गाड्यांना ‘डिन’ मापाची बॅटरी लागते. तिला तळाशी कड असते, त्या कडेला पकडून ती आवळतात. जपानी बॅटरी वरून पट्टी टाकून बांधतात. टर्मिनलही सारखे नसतात. डिन बॅटरीचे धन टर्मिनल १९.५ मिलिमीटर जाडीचे, ऋण १७.९ चे, लहान जपानी बॅटरीचे याहून पुष्कळ बारीक. दोन्हींत धन टर्मिनल मुद्दाम जाड ठेवलेले असते, अंधारात चाचपडणाऱ्या हातालाही चूक कळावी म्हणून.

२०१० च्या त्या सौद्याच्या काळातल्या काही मर्सिडीजमध्ये बॅटरी डिकीच्या तळाशी असते. भरताना बॅटरी थोडा हायड्रोजन सोडते. बंद डिकीत तो साचू नये म्हणून एक बारीक नळी बाहेर नेलेली असते. नवी बसवताना ती नळी जोडायची राहिली, तर काम अर्धवट झाले असे समजा. तिथे काचेच्या धाग्यांच्या गादीत आम्ल शोषून घेतलेली, म्हणजे एजीएम जातीची बॅटरी असेल, तर तीच पुन्हा घ्यावी. स्वस्तात साधी बसवू नये. उलट ८०० सारख्या गाडीत, तापत्या इंजिनशेजारी, एजीएम बसवणे म्हणजे पैसे उधळणे. जुन्या गाडीचा रेग्युलेटर कधीकधी जास्त व्होल्ट देतो आणि बॅटरीचे पाणी उकळते. कायमची बंद बॅटरी अशा वेळी मुकाट्याने वाळते. बुचे उघडून पाणी घालता येईल अशी बॅटरी इथल्या उन्हात जुन्या गाडीला अधिक शोभते. पाणी मात्र डिस्टिल्डच. बोअरचे क्षार पट्ट्यांवर बसतात, आणि घरच्या आरओचे पाणी पिण्याजोगे असले तरी डिस्टिल्ड नव्हे.

बॅटरी ताजी आहे का, हेही पाहा. बनवल्याचा महिना दुकानदाराला विचारा. हमी बिलाच्या तारखेपासून धरली जात असली, तरी तापलेल्या गोदामात पडून बॅटरी त्याआधीच म्हातारी होत असते. हमीतले किती महिने पूर्ण बदलून मिळणार आणि किती महिने केवळ किमतीत सूट मिळणार, हे वेगळे विचारावे. बसवताना काळी वायर आधी सुटते आणि शेवटी जोडली जाते. जुन्या ऑक्टाव्हियाच्या मालकांनी त्याआधी रेडिओचा कोड शोधून ठेवावा. बॅटरी सुटली की तो रेडिओ ओळख विसरतो आणि मुका होतो.

राहिली जुनी बॅटरी. तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते आणि ते वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत जाते. पण उघड्यावर भट्टी लावून शिसे गाळणाऱ्यांच्या हाती ती पडली, तर तेच शिसे धुरातून आणि मातीतून आसपासच्या लहान मुलांच्या रक्तात उतरते आणि त्यांच्या मेंदूची वाढ खुंटवते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी गोळा करून तिचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. दारावरचा भंगारवाला चार पैसे जास्त देत असला, तरी जुनी बॅटरी नवी घेतली त्या दुकानातच द्या, आणि तिची वजावट बिलावर लिहून घ्या.