शंकरपट : मैदान ओस पडते तेव्हा

धनजसारख्या गावात वाढलेल्या मुलाला ‘शंकरपट’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पण महाविद्यालयातले शहरी मित्र वारंवार विचारतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पश्चिम महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीचे हे वैदर्भीय भावंड. खरिपाचे पीक घरात आले, की हिवाळ्यात पट भरतो. हलक्या छकडीला दोन बैल जुंपतात व तिच्यावर धुरकरी बसतो. आमच्या वऱ्हाडात एकेक जोडी सोडून वेळ मोजतात. सेकंदाच्या अंशावर निकाल ठरतो. पूर्व विदर्भात दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक, अशी जोडच असते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट विशेष प्रसिद्ध. माझे आजोबा तरुणपणी धनजहून जोडी घेऊन, वाटेत मुक्काम करीत, तेथे जात.

पुढे ही मैदाने ओस पडली. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारच्या अधिसूचनेने बैलांच्या प्रदर्शनावर व त्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणावर बंदी आली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. आजोबांनी त्याच वर्षी जोडी विकली. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, काठी-चाबूक वापरता येत नाही आणि बैलाला यातना दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मला वाटले, आजोबा बंदीला दोष देतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “तुतारी टोचली का बैल पये; पन मंग त्याच्या डोयात पाहावत नसे.” तुतारी म्हणजे टोकाला खिळा लावलेली काठी. ज्या बैलाला त्यांनी लेकराप्रमाणे वाढवले, त्यालाच ती टोचली होती. पटाचा अभिमान आणि ही बोच, दोन्ही त्यांच्यापाशी एकत्र नांदतात.

इंग्लंडात १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड कुत्रे धावले आणि त्या शर्यतींची लाट आली. लंडनचे व्हाइट सिटी मैदान १९८५ मध्ये पाडले गेले, तरी त्याची छायाचित्रे व कागदपत्रे उरली. पटाच्या मैदानाला भिंती नसतात. खेळ थांबला, की नांगर फिरतो आणि खूणही राहत नाही. त्याचा इतिहास म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच असतो.

म्हणून मित्रहो, या सुटीत घरी जाल तेव्हा आपल्या आजोबांजवळ थोडे बसा. त्यांना पटातल्या विजयाबद्दल विचारा, आणि तुतारीबद्दलही विचारा. दोन्ही लिहून ठेवा.