इन्सुलिनची कुपी आणि सिरिंजचे माप

मधुमेहावरील इन्सुलिन तोंडाने घेतल्यास पचनक्रियेत नष्ट होते. म्हणून ते त्वचेखालील चरबीच्या थरात टोचावे लागते. टोरांटो येथे १९२२ साली ते प्रथम रुग्णास टोचण्यात आले. आज साकोली तालुक्यातील सानगडीसारख्या गावीही रुग्णाला ते घरीच टोचून घेता येते. मात्र त्यासाठी एक दक्षता अगत्याची आहे.

आपल्याकडील इन्सुलिनच्या कुपीत बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिट औषध असते. पेनमध्ये बसणाऱ्या नळीत सामान्यतः १०० युनिट असते. सिरिंजही त्यानुसार दोन प्रकारच्या असतात. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, तर १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. औषध एका दुकानातून आणि सिरिंज दुसऱ्या गावाहून आणली, की ही जोडी चुकण्याचा संभव असतो.

समजा, १० युनिट घ्यावयाचे आहेत. १०० चे औषध ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरल्यास शरीरात २५ युनिट जातात. उलट जोडीत केवळ ४ युनिट जातात व साखर वाढतच राहते. मात्रा अधिक झाल्यास घाम, थरथर व प्रसंगी बेशुद्धी येते. रुग्ण शुद्धीवर असल्यास त्यास त्वरित साखरपाणी द्यावे. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्यावे.

कुपीवरील व सिरिंजवरील आकडा एकच असावा, पेनच्या नळीतील औषध सिरिंजने काढू नये, हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी वृद्ध रुग्णांना आवर्जून समजावून द्यावे.