शिखरांच्या वाटेवर : भाग ११
बाटलीतली हवा

आज हिमदंशावर लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या रविवारी. धारगळच्या एका वाचकाचं पत्र आलंय, ते बाजूला ठेववत नाही. सवाल सरळ आहे : दोर आयते बांधलेले, कोट पिसांचे, हवामानाचा अंदाज फोनवर आणि हवा बाटलीतली. मग आजच्या एव्हरेस्टवीरांचं कौतुक कशासाठी करायचं?

बाटलीचंच बघू. मोपाहून उडालेलं लांब पल्ल्याचं विमान एव्हरेस्टपेक्षा उंच जातं, पण आतला दाब सात-आठ हजार फुटांवर असतो तेवढा राखलेला असतो. म्हणून आपण निवांत चहा घेतो. गिर्यारोहकाच्या मुखवट्याला हे जमत नाही. शिखरावर हवेचा दाब धारगळच्या जेमतेम एक तृतीयांश. मिनिटाला २ लिटर प्राणवायू घेतला, तर ढोबळ हिशेबानं हजार-दीड हजार मीटरची सूट मिळते. म्हणजे सत्तरीतला आपला सोनसोगड डोंगर एव्हरेस्टमधून वजा करा. उरतं ते चढायचंच असतं. भरलेली बाटली चारेक किलोची, या वेगानं आठेक तास पुरणारी. वर रांग लागली की ती रांगेतच रिकामी होऊ लागते. एव्हरेस्ट पहिल्यांदा सर झालं तेव्हाचे, १९५३चे प्राणवायूचे संच कितीतरी जड होते, हे मात्र पत्रलेखकाच्या बाजूनं मान्य.

आता एकूण साधनांचं बघू, त्यासाठी कांचनजुंगाचं उदाहरण. १५ मे २०१९ रोजी उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे १० जण त्या ८,५८६ मीटर उंच शिखरावर पोचले आणि सुखरूप उतरले. त्याच सुमारास त्याच डोंगरावर बंगालचे दोन गिर्यारोहक दगावले. साधनं त्यांच्याकडेही होती. साधनांनीच काम भागत असतं, तर हा फरक पडला नसता.

बाटलीविना चढणाऱ्यांचा मान अर्थात वेगळा. ८ मे १९७८ रोजी मेसनर आणि हाबेलर हे दोन गिर्यारोहक तसे एव्हरेस्टवर गेले. त्यांच्या पंक्तीत बाटलीवाल्यांना बसवायचा माझाही आग्रह नाही.

पण पत्रातला ‘आयते दोर’ हा शब्द मला खुपला. आयते कोणाला? एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबूच्या हिमप्रपातात शिड्या-दोर लावायला शेर्पा आधी जातात, पाहुण्यांचं ओझंही तेच वाहतात. १८ एप्रिल २०१४ला तिथं हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार मेले. चांगल्या साधनांनी पाहुण्याचा धोका कमी केला. शेर्पाच्या हिमप्रपातातल्या खेपा मात्र संपल्या नाहीत. १६ जानेवारी २०२१ला ऐन हिवाळ्यात के-टू पहिल्यांदा सर झालं, तेव्हा माथ्यावरचे दहाही जण नेपाळी होते, यात मला नवल वाटलं नाही.

तेव्हा आदर जरूर करा, पण तो एकाच गळ्यात घालू नका. पेडण्यात एखाद्या एव्हरेस्टवीराचा सत्कार झाला, तर टाळ्या वाजवा आणि बरोबरच्या शेर्पाचं नाव विचारा. ते चटकन सांगता आलं नाही, तर हार थोडा लहान चालेल.