संपाच्या दिवशीं उपाहारगृह

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वडगांव आणि कामशेत यांच्या दरम्यान कान्हे हें लहानसें स्थानक आहे. जवळूनच मुंबई-पुण्याचा जुना हमरस्ता जातो आणि कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे व आंदर मावळांत जाणारी वाट फुटते. डोंगरांवरून पाणी कोसळूं लागलें कीं, शनिवार-रविवारीं ह्या हमरस्त्यानें कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांकडे आणि लोणावळ्याकडे शहरवासीयांची रीघ लागते. अशा फाट्यावर दोघे भाऊ एक उपाहारगृह चालवीत आहेत, वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठीं आठ-दहा खोल्या आहेत आणि पदरीं पंचवीस माणसें आहेत, अशी कल्पना करावी. पगारवाढ आणि आठवड्याची सुट्टी, ह्या नोकरांच्या दोन मागण्या कित्येक महिने अनुत्तरित पडलेल्या आहेत. अखेर ते रीतसर सूचना देतात आणि ऐन श्रावणांतल्या एका शनिवारीं भटारखान्यांतील वस्ताद, वाढपी व भांडीं घासणारे कोणीच कामावर येत नाहींत. कोठींत दूध आहे, भाजी आहे, रात्रीं भिजविलेली डाळ आहे; दुपारीं पुण्याची मंडळी जेवावयास येणार आहेत. अशा वेळीं मालकानें काय करावें?

प्रथम ह्या धंद्याचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. कापडाच्या गिरणींत संप झाला तर माग थांबतात, परंतु गोदामांतील कापड टिकून राहतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांतील सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हां साठलेला माल विकून आणि यंत्रमागांवर कापड विणवून घेऊन अनेक मालकांना दीर्घकाळ दम धरतां आला. उपाहारगृहाला असा आधार नाहीं. शनिवारीं रिकामी राहिलेली खोली रविवारीं दुप्पट विकतां येत नाहीं, आणि दुपारचा भात गोदामांत भरून ठेवतां येत नाहीं. घाव पहिल्याच दिवशीं बसतो. दुसऱ्या बाजूला, अशा ठिकाणचे पुष्कळसे नोकर परगांवचे असतात. त्यांचें जेवण आणि अंथरूण मालकाच्याच छपराखालीं असतें. संप करणारा मनुष्य येथें पगाराबरोबर आपलें ताटही पणाला लावतो. म्हणून दोन्ही बाजूंना घाई असते, आणि घाईंतच चुका होतात.

पहिली चूक म्हणजे रागाच्या भरांत नवीं माणसें भरणें. दूरध्वनि करून दुसऱ्या गांवाहून आचारी आणि वाढपी आणवावे, असें मालकास सहज वाटतें. कायद्याचें म्हणणें निराळें आहे. संप बेकायदेशीर नसेल तर त्या काळांत नवे कामगार नेमणें ही अनुचित कामगार-प्रथा होय, असें १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या पांचव्या परिशिष्टांत नमूद झालें होतें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेंही तो नियम कायम ठेविला आहे. त्याच संहितेनें कामगारांवरही बंधन घातलें आहे. पूर्वीं लोकोपयोगी सेवांपुरती असलेली चौदा दिवसांच्या पूर्वसूचनेची अट आतां सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू झाली आहे. सूचना हातीं पडल्यावर मालकानें पांच दिवसांच्या आंत ती सरकारास व समेट अधिकाऱ्यास कळवावयाची असते. म्हणजे तो शनिवार आकाशांतून पडत नाहीं. चौदा दिवस मिळालेले असतात. ते धमकावण्यांत घालवावयाचे, कीं बोलण्यांत, एवढेंच मालकाच्या हातीं असतें.

बोलणीं फिसकटलीं असें धरून चालूं. जे हात उरतात ते घरच्यांचे, भागीदारांचे आणि संपांत सामील न झालेल्यांचे. असे सहा जण उरले, तर पंचवीस माणसांचें काम त्यांच्याकडून रेटून घेण्याचा हट्ट व्यर्थ होय. काम सहा जणांपुरतें लहान केलें पाहिजे. प्रत्येक पदार्थाला हात लागतात, आणि तव्याजवळचा मनुष्य सर्वांत आधीं अडतो. म्हणून चाळीस पदार्थांचा फलक उतरवून ठेवावा आणि एकच ताट मांडावें: मोठ्या पातेल्यांत एकदांच शिजणारा भात, आमटी, एक भाजी, एक कोशिंबीर. मावळांत ह्याची सोय घरचीच आहे. वडगांव मावळच्या कृषि-संशोधन केंद्रांत तयार झालेला इंद्रायणी तांदूळ मऊ व सुवासिक असतो. त्याच्या वाफाळत्या भातावर आमटी वाढली तर पाहुण्याला उणें वाटत नाहीं. पत्रावळी वापरल्या तर भांडीं घासणाराचें अर्धें काम वांचतें. खोल्यांपैकीं निम्म्या बंद ठेवाव्या, आणि ज्यांनीं त्या आधींच घेतल्या असतील त्यांना कळवून पैसे परत करावे. दारावर स्वच्छ अक्षरांत लिहावें कीं, आज एकच ताट मिळेल आणि वाढण्यास वेळ लागेल. गिऱ्हाईक अडचण सहन करतें. फसवणूक सहन करीत नाहीं.

मात्र एका ठिकाणीं काटकसर करूं नये, तें म्हणजे स्वच्छता. नवशिका हात भटारखान्यांत शिरला कीं अपाय संभवतो. शिजलेलें अन्न साठ अंश सेंटिग्रेडच्या वर गरम राहिलें पाहिजे. तें साधत नसेल तर थोडें थोडें शिजवावें. संपामुळें दोन दिवस धंदा बुडाला तर तो भरून काढतां येतो, पण त्या दोन दिवसांत एखादें कुटुंब आजारी पडलें तर पुन्हां तें त्या दारांत पाऊल टाकीत नाहीं.

हे सारे उपाय चार-आठ दिवसांचे आहेत. धंदा मुळांतच असा बांधतां येईल काय, कीं माणूस अडला तरी ताट अडूं नये? याचें एक उत्तर कान्ह्याच्या आसपासच्याच मुलुखानें मुंबईस दिलेलें आहे. मावळ, मुळशी, खेड, आंबेगांव, जुन्नर ह्या तालुक्यांतले शेतकरी मुंबईस जाऊन डबेवाले झाले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं सुरू केलेल्या ह्या कामांत पुढें हजारों माणसें लागलीं. त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. माणसें गटागटांनीं काम करतात, प्रत्येक गटावर एक मुकादम असतो, आणि गटाची मिळकत वांटून घेतली जाते. कोणी आजारी पडला तर त्याची ओळ उचलण्यासाठीं गटांत एक-दोन जादा माणसें असतात. डब्यावरील रंग व अक्षरें ही खूण सर्वांनाच वाचतां येते. अमुक डबा अमक्यालाच ठाऊक, असें होत नाहीं. तेथें धनी आणि चाकर असा भेद नसतो; मागणी कोणाकडे करावयाची, हा प्रश्नच फारसा उरत नाहीं.

शंभरांहून अधिक वर्षांच्या ह्या व्यवहारांत त्यांनीं प्रथमच संप केला तो १९ ऑगस्ट २०११ रोजीं, आणि तोही स्वतःच्या मागणीसाठीं नव्हे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनास पाठिंबा म्हणून एक दिवस डबे थांबले. याखेरीज गांवच्या चैत्री यात्रेसाठीं ते दरवर्षीं कांहीं दिवस काम बंद ठेवतात, पण गिऱ्हाइकांना तें आधींच सांगितलेलें असतें. गृहिणी तेवढे दिवस दुसरी सोय करते आणि यात्रा आटोपली कीं डबा पुन्हां दारीं देते.

फाट्यावरचें उपाहारगृह सर्वस्वीं ह्या नमुन्यावर उभारतां येणार नाहीं. तेथें जागा कोणाची, कर्ज कोणाचें, हे प्रश्न आहेत. परंतु त्यांतल्या तीन गोष्टी कोणत्याही मालकास घेतां येतील. वस्तादाचें काम आणखी दोघांना शिकवावें, म्हणजे वस्तादालाही निर्धास्तपणें गांवीं जातां येतें. मिळकतींतला कांहीं वांटा हंगामाच्या शेवटीं नोकरांत वांटावा. आणि सुट्टीचा तक्ता आधीं ठरवून भिंतीवर लावावा. पहिल्या गोष्टीनें गैरहजेरी निभते; उरलेल्या दोहोंनीं संपाचें कारणच पुष्कळसें कमी होतें.

संप मिटल्यावर परतलेल्या माणसाशीं मालक कसा वागतो, यावर पुढचा श्रावण अवलंबून असतो. जो तेवढे दिवस घरच्यांच्या मदतीनें भात वाढत होता, त्याला वाढप्याच्या पायांचें दुखणें आतां ठाऊक झालेलें असतें. तें ध्यानांत ठेवून त्यानें त्या जुन्या अर्जाचा कागद गल्ल्याच्या खणांतून बाहेर काढावा, आणि वस्तादाला समोर बसवून तो पहिल्या ओळीपासून वाचावा.