पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस

पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अद्भुतरम्य भूमिका-खेळासाठी अमेरिकेतील टीएसआर कंपनीने काढलेली साहसपुस्तिका आहे. तिचा मालिका-क्रमांक 'बी-३' असा आहे. या नावाने दोन भिन्न पुस्तिका छापल्या गेल्या. जीन वेल्स यांनी लिहिलेली, नारिंगी मुखपृष्ठाची पहिली आवृत्ती कंपनीने वितरणाच्या वेळीच मागे घेतली. टॉम मोल्डव्हे यांनी पुनर्लेखन केलेली, हिरव्या मुखपृष्ठाची दुसरी आवृत्ती १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली.

पार्श्वभूमी

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचला असून तो १९७४ मध्ये प्रकाशित झाला. यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो, तर 'डंजन मास्टर' हा सूत्रधार कथानक पुढे नेतो. सूत्रधाराला तयार कथा, नकाशे आणि दालनांची वर्णने पुरवणाऱ्या पुस्तिकेस साहसपुस्तिका म्हणता येईल. 'बी' मालिकेतील पुस्तिका नवशिक्या खेळाडूंसाठी होत्या.

जीन वेल्स १९७९ मध्ये टीएसआरमध्ये रुजू झाल्या. कंपनीच्या रचना विभागात नेमलेल्या त्या पहिल्या महिला होत. 'ड्रॅगन' मासिकातील वाचकांच्या नियमविषयक शंकांना उत्तरे देणारे सदरही त्यांनी चालवले.

पहिली आवृत्ती

वेल्स यांच्या कथेत राजकन्या अर्जेंटा हिचा राजवाडा पूर्वीच उद्ध्वस्त झालेला असून, तेथील माणकाच्या आख्यायिकेने साहसवीर त्या अवशेषांकडे ओढले जातात. काही दालनांचा तपशील सूत्रधाराने स्वतः भरावा म्हणून मोकळा ठेवला होता. नवशिक्या सूत्रधाराला रचनेचा सराव व्हावा, हा त्यामागील हेतू होता.

आक्षेप मजकुरापेक्षा चित्रांवर अधिक घेतला गेला. दहा भुजांचा 'डेकापस' हा राक्षस साहसवीरांना फसवण्यासाठी एक आभास निर्माण करतो. केसांनी बांधलेल्या व पुरुषांकडून छळल्या जाणाऱ्या स्त्रीचे ते दृश्य लॉरा रोस्लॉफ यांनी चितारले होते. नवशिक्यांच्या, म्हणजे पर्यायाने लहान वयाच्या वाचकांच्या पुस्तिकेत ते अनुचित ठरवले गेले. एरॉल ओटस यांच्या चित्रातील तीन डोक्यांच्या प्राण्यांचे चेहरे कंपनीतील व्यक्तींची व्यंगचित्रे असल्याचेही सांगितले जाते.

पुस्तिका छापून तयार असताना तिच्या प्रती परत घेऊन बहुतेक सर्व नष्ट करण्यात आल्या. मोजक्या प्रती तेवढ्या वाचल्या. दुर्मीळतेमुळे संग्राहकांत त्यांना मोठी किंमत मिळते.

दुसरी आवृत्ती

मोल्डव्हे यांचे काम केवळ आक्षेपार्ह चित्रे वगळण्यापुरते राहिले नाही. कथानकच पालटले. माणिक आता दुष्ट शक्तीचे साधन ठरले, राजवाडा त्याच्या प्रभावाखाली सापडला आणि खजिन्याच्या शोधाची जागा राजकन्येच्या सुटकेने घेतली. मोकळ्या दालनांऐवजी पूर्ण वर्णने आली. आरंभी क्रमांकित परिच्छेदांतून वाचकाला पर्याय निवडायला लावणारा भागही जोडला गेला. श्रेयनामावलीत मोल्डव्हे व वेल्स या दोघांची नावे असली, तरी वेल्स यांच्या मूळ मांडणीतील फार थोडा भाग त्यात उरला.

पुनर्प्रकाशन

टीएसआर १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेली. या कंपनीने २००२ मध्ये नारिंगी आवृत्ती आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिली. त्यामुळे सुमारे दोन दशके केवळ संग्राहकांपुरता राहिलेला वेल्स यांचा मजकूर सर्वसामान्य खेळाडूंना वाचता आला आणि दोन्ही आवृत्त्यांची तुलना शक्य झाली. जीन वेल्स यांचे २०१२ मध्ये निधन झाले. त्यांच्या नावावरील हीच साहसपुस्तिका अशा रीतीने त्यांच्या हयातीतच मूळ स्वरूपात वाचकांपर्यंत पोहोचली.